सबवूफर नुसता घुमतोय, ठोका लागत नाही. बारा इंची देऊन दहा इंची घेऊ का?

खर्जातला | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या बोनसमधून एक सबवूफर घेतला. बारा इंची, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेला. जुने बुकशेल्फ स्पीकर आहेत, साडेपाच इंची वूफरचे, आणि साधा पाच-पॉइंट-एकचा रिसीव्हर. दुकानात ऐकला तेव्हा जीव हरखला होता. घरी आणला आणि रस गेला. सिनेमात स्फोट झाला की सोफा हलतो, ते ठीक. पण गाणं लावलं की नुसतं भूंऽऽऽ. बेस गिटारवाला चार वेगळे सूर वाजवतोय हे हेडफोनवर स्वच्छ कळतं. हॉलमध्ये त्यातले दोन अंगावर येतात, एक गायबच होतो आणि सगळे एकमेकांत मिसळतात. पखवाज लावला तर थाप संपून पुढची पडली तरी आधीचीच घुमतेय.

दुकानदार म्हणाला, "बारा इंचीचा कोन जड, म्हणून तो स्लो असतो. म्युझिकसाठी दहा इंची सीलबंदच पाहिजे, फास्ट बेस." जुना परत घेऊन नवा देतो म्हणतोय, वर आठ हजार मागतोय.

हॉल १५ बाय साडेदहा फूट, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, गुळगुळीत टाईल. सब टीव्हीशेजारी कोपऱ्यात, सोफा समोरच्या भिंतीला टेकून, बरोबर मध्ये. काय करू?

---

पॉपकॉर्नप्रेमी | रविवार, रात्री ११:५२

पहिला नंबर माझा. आता जाणकार येतील आणि तीन पानं भांडतील. वाचतोय.

---

सोल्डर_काका | सोमवार, सकाळी ६:१५

आठ हजार खिशात ठेव.

"जड कोन म्हणजे स्लो" हे वाक्य गेली तीस वर्षं मी दुकानादुकानात ऐकतोय. ४० हर्ट्झच्या सुराला एक फेरी पूर्ण करायला २५ मिलिसेकंद लागतात, ८० हर्ट्झला साडेबारा. सबकडे जाणाऱ्या सिग्नलमधलं ८० च्या वरचं सगळं रिसीव्हरने आधीच गाळलेलं असतं. मग त्या कोनाला "फास्ट" व्हायचं काम उरतंच कुठे? कोन जड असला की तो हलवायला जास्त ताकद लागते, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज थोडा कमी येतो, एवढंच. तो उशिरा निघत नाही आणि उशिरा थांबतही नाही. थांबवायचं काम मॅग्नेट, कॉइल आणि पेटी मिळून करतात, आणि चांगल्या सबमध्ये ते काम चोख होतं.

ढोलावर टिपरू पडतं तेव्हा जो "टक्" ऐकू येतो ना, तो सबमधून येतच नाही. तो दोन-तीन हजार हर्ट्झला असतो, तुझ्या बुकशेल्फमधून येतो. सब फक्त त्याच्यामागचं अंग देतो. ते "टक्" आणि मागचं अंग एकाच क्षणी कानावर आले की मेंदू म्हणतो "कडक". मागचं अंग रेंगाळलं की मेंदू म्हणतो "ढिला". रेंगाळायला लावणारा बहुतेक वेळा सब नसतो, खोली असते.

आता तुझ्या खोलीचा हिशेब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भाग. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, उत्तर ३८ हर्ट्झच्या आसपास. रुंदीचं ५४. उंचीचं जवळपास ६०. लांबीचं दुप्पट केलं की ७५-७६. हे तुझ्या खोलीचे मोड, या सुरांना ती झोपाळ्यासारखी वागते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, आणि हात काढला तरी झुलत राहतो. हे झुलत राहणं म्हणजेच तुझं भूंऽऽऽ.

आता बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा बघ: ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. पहिली तार ३८ च्या शेजारी, म्हणून अंगावर येते. तिसरी ७५ च्या शेजारी, तीही येते. दुसरी ५५ वर, म्हणजे रुंदीच्या मोडवर. तू रुंदीच्या बरोबर मध्यावर बसलायस, तिथे त्या मोडचा दाब शून्य असतो. म्हणून ती गायब. तू काय ऐकतोयस ते फूटपट्टीने आधीच सांगता येतं. यात बारा इंचीचा काय गुन्हा?

---

खर्जातला | सोमवार, सकाळी ९:०५

काका, अंगावर काटा आला. गायब होणारा सूर खरंच दुसऱ्या तारेचाच आहे, आत्ता हेडफोन लावून पडताळलं.

---

मांडववाला | सोमवार, दुपारी १:३०

काकांना अनुमोदन. आपण बेस-टॉपच्या धंद्यातले, शिकलेलं कमी, वाजवलेलं जास्त. आपले बेस अठरा इंची. दुकानदाराच्या दहा इंचीचा कोन त्याच्यापुढं पापड. तेच डबे उघड्या मैदानात लावले की असा ठोका बसतो की छातीत मोजून घ्या. दुसऱ्या दिवशी तेच डबे, तोच ॲम्प्लिफायर मंगल कार्यालयात लावला, वर पत्रा आणि चारी बाजूंनी भिंती, की नुसता लोंढा. नवरदेवाचा मामा येऊन म्हणतो, "कालच्यासारखं वाजव की." कसं वाजवू? काल भिंती नव्हत्या.

अठरा इंची जड म्हणून स्लो असता तर मैदानातही स्लोच वाजला असता.

---

खर्जातला | सोमवार, दुपारी १:४१

याच्यापुढं दुकानदाराचं भाषण संपलं. :)

---

बंद_डबा | सोमवार, रात्री १०:१०

सगळे खोलीच्या मागे लागलेत, पण थोडं सीलबंदच्या बाजूनेही ऐका. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये.

सीलबंद पेटीत कोनामागची हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर छोट्या पेटीतून खोल बेस काढून दाखवला, तोवर त्याला कपाटाएवढी पेटी लागायची. तिथे खालचा आवाज अष्टकामागे (म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी होताना) १२ डेसिबलने, हळुवार उतरतो. पोर्टेडमध्ये पोर्टची हवा स्वतःच एक झोपाळा आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. तिची जुळणी जिथे केलेली असते तिथे ती साथ देते, त्याखाली आवाज अष्टकामागे २४ डेसिबलने कोसळतो, आणि जुळणीच्या आसपास सिग्नल थांबल्यावरही पोर्ट थोडा वेळ गात राहतो. हे काही कोणाचं मत नाही. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात बसून साठ-सत्तरच्या दशकांत याची गणितं मांडून ठेवलीत.

पेटीच्या क्यूवरही (कोन किती लवकर शांत होतो त्याचा आकडा) बरंच असतं. एकूण क्यू ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट, ०.५ असेल तर अगदी कोरडा, आणि एकच्या वर गेला की सीलबंदसुद्धा घुमतो. लहान पेटीत मोठा वूफर कोंबला की हे होतं.

---

सोल्डर_काका | मंगळवार, सकाळी ६:०५

गणित मान्य. पण पोर्ट "कुठे" गातो ते बघायला नको का? जुळणी २०-२२ हर्ट्झवर असेल तर तिथे पखवाजही नाही आणि बेस गिटारही नाही. पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झ. तिथल्या रेंगाळण्याची तक्रार संगीत ऐकणारा करणार कशी? पोर्टेडचं नाव बदनाम केलं ते स्वस्तातल्या डब्यांनी. जुळणी ४० वर, वर मुद्दाम एक उंचवटा, म्हणजे दुकानात दोन मिनिटांत गिऱ्हाईक गार.

खर्जातला, तुझ्या सबची जुळणी अंदाजे बघता येईल. जाळी काढ. आवाज अगदी हळू ठेव. टोन जनरेटरवरून ६० पासून खाली एकेक हर्ट्झ उतरत जा. कोनाचं हलणं वाढत जाईल, मग एका जागी एकदम कमी होईल आणि त्याखाली परत वाढेल. जिथे सगळ्यात कमी, तिथे जुळणी. नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही.

आणि बंद_डबा, तुम्ही एक गोष्ट गाळलीत. तेवढाच मोठा आवाज अर्ध्या फ्रीक्वेन्सीला हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. दहा इंचीपेक्षा बारा इंचीचं क्षेत्रफळ साधारण दीडपट, म्हणून तेवढ्याच आवाजाला तो कमी हलतो. कमी हलला की विकृती कमी. ३० हर्ट्झच्या सुराला विकृती आली की ६० आणि ९० हर्ट्झची भुतं तयार होतात, आणि आपला कान ३० पेक्षा ९० ला कितीतरी तिखट आहे. ती भुतं मूळ सुरापेक्षा जास्त ऐकू येतात. "जाड", "चिखल" म्हणतात तो आवाज हाच. मोठा सब आरामात वाजवला तर लहान सब ताणून वाजवण्यापेक्षा स्वच्छ वाजतो. पोरगा निघालाय उलट्या दिशेला.

---

बंद_डबा | मंगळवार, सकाळी ९:२०

हे बरोबर आहे. पण चांगला दहा इंची आणि फालतू बारा इंची यात मी दहाच घेईन, एवढं म्हणून माझे दोन शब्द संपवतो. तात्पुरते.

---

मांडववाला | मंगळवार, सकाळी ९:४८

पोर्टवाल्या डब्याला जुळणीच्या खालचा माल पाठवायचाच नसतो. तिथं कोनाला मागून हवेचा आधार राहत नाही, मोकाट सुटतो. आपण फिल्टर लावून ३५ च्या खालचं सगळं कापतो. एका पोरानं हौसेनं काढला होता फिल्टर, एका मिरवणुकीत दोन कॉइल गेल्या.

---

गौरी_तबला | मंगळवार, दुपारी ४:००

मी यंत्रातली नाही, तबला शिकवते. पण "घट्ट" या शब्दावर थोडं बोलायचंय, कारण या शब्दाचा गोंधळ माझ्या विद्यार्थ्यांमध्येही असतो.

नवीन मुलगा डग्ग्यावर "घे" मारतो आणि लगेच तळवा टेकवतो. आवाज तुटक येतो, त्याला वाटतं स्वच्छ वाजलं. ते स्वच्छ नाही, ते मेलं. चांगल्या "घे"ला आस असते, आणि ती वादकाला हवी तेवढीच टिकते. मनगट सरकवून घिस्सा घेतला की सूर खालून वर चढतो, तो चढ पूर्ण ऐकू यायला हवा, मध्ये एकही पायरी गळता कामा नये. आणि "के" आला की सगळं बंद. आस वादक ठरवतो, खोली नव्हे. माझ्यासाठी घट्ट म्हणजे एवढंच.

माझ्या दिरांकडे फार महागडी सिस्टिम आहे. ते म्हणतात बेस टाईट आहे. मी तिथे तानपुरा ऐकला, काळी एकचा. खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. जव्हारी येत होती, खर्जाचं अंग नव्हतंच. मी विचारलं, खालचं कुठे गेलं? ते म्हणाले, हाच टाईट बेस. मला तरी तो उपाशी बेस वाटला.

---

सोल्डर_काका | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

गौरीताई, तुमचा प्रतिसाद चौकटीत लावून दुकानांत टांगायला हवा. निम्मे लोक "टाईट" म्हणतात तेव्हा त्यांच्या सबमध्ये खालचं अष्टकच नसतं. जे वाजतच नाही ते घुमणार कसं? घट्ट म्हणजे सगळे सूर सारख्या उंचीवर आणि सगळे वेळेवर थांबणारे.

घिस्सा ही चाचणीही झकास. खर्जातला, घिस्सा लाव. सूर चढताना मध्येच एका जागी फुगला की समज ती तुझी खोली.

---

एडिसनकर | मंगळवार, रात्री ११:१५ (इथे दुपार)

न्यू जर्सीतून. अमेरिकन साइट वाचून सब घेणाऱ्या सगळ्या भारतीयांनी एक ध्यानात ठेवावं. इथल्या घराच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या अर्ध्या इंची जिप्समच्या. खालचे सूर आले की ती भिंत स्वतः थोडी हलते, थोडा बेस खाते आणि थोडा बाहेर सोडते. पुण्यातली नऊ इंची विटांची भिंत आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब काहीही खात नाही, जे आलं ते परत फेकतो. म्हणून इथले लोक लिहितात "मला तीन मोठे सब कमी पडतात", आणि तिकडे एकच लहानसा घर डोक्यावर घेतो.

माझाच अनुभव सांगतो. हॉलमध्ये छान वाजणारा सब बेसमेंटमध्ये नेला. तिथे चारी भिंती काँक्रीटच्या. पहिल्याच गाण्याला मला सांगलीच्या आमच्या घरातली माडी आठवली. तेच भूं.

---

नवखा_विनू | बुधवार, सकाळी १०:००

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले तर? आमच्या कॉलेजच्या बॅण्डने लावले होते.

---

सोल्डर_काका | बुधवार, सकाळी १०:२०

अंडी खा, ट्रे रद्दीत दे. ५० हर्ट्झची लाट सात मीटर लांब असते. तिला कागदी ट्रे दिसतसुद्धा नाही. तिला अडवायला कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल लागतं, निदान सहा-आठ इंच, आणि तेही ६०-७० च्या खाली फारसं हाती लागू देत नाही. घरात गाद्यांची उतरंड असेल तर कोपऱ्यात ठेव, ट्रेपेक्षा काकणभर बरी.

---

खर्जातला | शनिवार, रात्री ९:३०

आठवडाभर मोजमापं केली. मित्राकडून युमिक-१ हा यूएसबी माइक आणला आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चढवलं (फुकट आहे). फोनच्या माइकवर आधी करून बघितलं होतं, ४० च्या खाली काहीच्या बाही दाखवतो, त्या नादाला लागू नका. माइक सोफ्यावर, कानाच्या उंचीवर, माइकसोबतची दुरुस्तीची फाइल भरून, १५ ते २०० हर्ट्झ स्वीप.

काका, ३८ वर डोंगर. आजूबाजूपेक्षा १४ डेसिबल वर. ५४ वर विहीर. ७५ वर टेकडी. तुम्ही फूटपट्टीने सांगितलं तेच. वॉटरफॉलचा आलेख (कुठला सूर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा) बघून तर हसू आलं: बाकी सगळे सूर बसलेत आणि ३८ एकटाच उभा. ४०० मिलिसेकंदांनी जेमतेम २० डेसिबल उतरलेला. म्हणजे मध्यलयीत पुढची थाप येऊन पडली तरी मागची शिल्लक.

पोर्टची जुळणी २४ च्या आसपास निघाली. म्हणजे सब निर्दोष.

मग रांगण्याचा प्रयोग केला. सब उचलून सोफ्यावर, मी बसतो तिथे ठेवला (मणका गेला), एक बेसलाइन फिरत ठेवली आणि भिंतींच्या कडेकडेने रांगत कुठे सगळे सूर सारखे ऐकू येतात ते शोधलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने व्हिडिओ काढला आहे आणि तो सासरच्या ग्रुपवर गेला आहे.

जागा सापडली: डाव्या भिंतीला, टीव्हीच्या भिंतीपासून पाच फुटांवर, शोकेसच्या शेजारी. सब तिथे नेऊन परत मोजलं. १४ चा डोंगर ८ वर आला. ७५ ची टेकडीही बसली. ५४ ची विहीर आहे तिथेच आहे.

---

सोल्डर_काका | रविवार, सकाळी ६:२०

शाब्बास. पाच फूट म्हणजे १५ चा एक तृतीयांश, तिथे लांबीच्या पहिल्या दोन्ही मोडना निम्माच धक्का बसतो. निम्मा म्हणजे ६ डेसिबल कमी. तुझ्या मोजणीत अगदी तेवढेच आलेत.

उरलेल्या डोंगराला आता इक्वलायझर लाव. ३८ वर एकच अरुंद फिल्टर, सात डेसिबल कापणारा. लोक म्हणतात इक्वलायझरने खोली सुधारत नाही. वरच्या सुरांना ते खरं आहे. इतक्या खाली मात्र उंचवटा बरोबर त्याच रुंदीने कापला की त्याचं रेंगाळणंही कमी होतं, कारण तू झोपाळ्याला धक्काच कमी देतोयस. विहीर मात्र भरायला जाऊ नकोस. तिथे दहा डेसिबल ओतलेस तरी ते तिथेच जिरतील, ॲम्प्लिफायर मात्र दमेल.

विहिरीवर उपाय दोनच. सोफा मध्यावरून बाजूला घे, नाहीतर उजव्या भिंतीला समोरासमोर दुसरा तसाच सब लाव. दोन्ही एकदम ढकलतील तर रुंदीचा तो मोड उठणारच नाही. मोडच नाही तर विहीरही नाही. हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी एकापेक्षा जास्त सब कुठे ठेवावेत यावर बरंच काम केलंय, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ही त्यातलीच मांडणी. दुसरा सब आवाज वाढवायला नसतो, खोली गप्प करायला असतो.

---

खर्जातला | रविवार, सकाळी ११:००

दुसऱ्या सबचा विषय घरात काढला. तो आता परत काढणार नाही. सोफा फूटभर उजवीकडे सरकवायला परवानगी मिळाली आहे, "पाहुणे आले की मध्ये" या अटीवर.

एक अडचण. फिल्टर लावला (त्यासाठी मिनीडीएसपी हा इक्वलायझरचा छोटा डबा घेतला, सेकंडहॅण्ड), ३८ आता जवळपास सपाट आहे. पण किक ड्रममध्ये दम नाही. ७० ते ९० मध्ये नवीनच खड्डा पडलाय, जो पहिल्या मोजणीत नव्हता. जागा बदलल्यावर रिसीव्हरची ऑटो सेटिंग परत चालवली होती. त्याने सबचं अंतर १६ फूट दाखवलं. टेपने मोजलं तर ९ च फूट आहे, म्हणून मी दुरुस्त करून ९ टाकलं. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं (सब आणि स्पीकरची हद्द ठरवणारं) बटणही ८० वर आहे, रिसीव्हरमध्येही ८०.

---

बंद_डबा | रविवार, सकाळी ११:१२

दोन्हीकडे ८०! सबचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई वर टाका, म्हणजे सबची स्वतःची गाळणी बंद. एकावर एक दोन गाळण्या लावल्यात तुम्ही, वरचा चहा दोन्हीत अडकतोय.

---

सोल्डर_काका | रविवार, सकाळी ११:३०

आणि ते १६ परत टाक! रिसीव्हर टेपने मोजत नाही, वेळेने मोजतो. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आवाज काही मिलिसेकंद थांबतो, तो उशीर रिसीव्हर अंतर समजून दाखवतो. तू सात फूट कमी केलेस. सात फूट म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या थोडं वर. ८० हर्ट्झची अर्धी फेरी किती? सव्वासहा. म्हणजे जिथे दोघांनी हातात हात घालायचा, नेमकं तिथे स्पीकर पुढे ढकलतोय आणि सब मागे ओढतोय. खड्डा पडणार नाही तर काय? मिनीडीएसपीचा स्वतःचाही थोडा उशीर असतो, म्हणून ते लावल्यावर ऑटो सेटिंग परत चालव, आणि मग फूट-अर्धा फूट इकडे-तिकडे करून ८० ला सगळ्यात भरीव कुठे येतं ते मोज.

---

खर्जातला | रविवार, रात्री १०:४५

बटण वर फिरवलं. ऑटो परत चालवलं, आता साडेसतरा दाखवतोय. अठरा केल्यावर खड्डा पूर्ण भरला.

किक ड्रम आता सबमधून येत नाही, स्पीकरच्या मधोमध येतो. सब कुठे ठेवलाय ते डोळे मिटून सांगता येत नाही. बेस गिटारच्या चारही तारा मोजून घेता येतात, दुसरी अजून थोडी दबकी आहे पण आहे. आणि गौरीताई, घिस्सा लावला. आधी तो वर जाताना मध्येच एका जागी फुगून मग गायब व्हायचा, आता सरळ चढतो. आवाज एकूण कमी वाटतो, पहिल्या दहा मिनिटांत तर वाटलं सब बंद आहे. बंद करून बघितला तेव्हा कळलं काय गेलं ते.

खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "विकलास वाटतं?"

---

गौरी_तबला | सोमवार, सकाळी ८:१०

आता विलंबित एकतालाचा ठेका लावा आणि "धागे"मधला "गे" ऐका. तो आणि त्याच्या आधीचा "धा" वेगळे ऐकू आले तर जमलं.

---

खर्जातला | मंगळवार, रात्री ९:२०

वेगळे येतात! पण "धा"च्या मागे एक बारीक झर्रर्र येते. दोन दिवस सबवर संशय घेतला, स्क्रू आवळले, जाळी काढून बघितली. शेवटी टोन जनरेटर ४१ वर थांबवून घरभर हात लावत फिरलो. शोकेसची सरकती काच. इतके दिवस भूंऽऽऽच्या खाली दबली होती बिचारी. फटीत पोस्टकार्डाची घडी सारली, गप्प झाली.

आता ६३ ला सासऱ्यांना निवृत्तीला मिळालेली पितळी ढाल वाजते.

---

मांडववाला | मंगळवार, रात्री ९:२६

ढालीच्या मागं नमद्याचा तुकडा चिकटवा. सासऱ्यांना सांगू नका.